साडेपाचची गाडी

आमच्या घरी रोज सायंकाळी साडेपाच वाजता एक गाडी लागते. ती लागल्याची घोषणा माझे वडील करतात आणि तिचा एकमेव प्रवासी म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला, जेमतेम दोन किलो वजनाचा एक ससा. नाना आरामखुर्चीत बसतात, खाद्याचा छोटा डबा हाती घेतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, ‘‘तिळ्याऽ, गाडी लागलीऽ!’’ पलंगाखालून आधी दोन कान बाहेर येतात, मग ससा. तीन-चार उड्यांत तो खोली ओलांडतो, खुर्चीपाशी मागच्या पायांवर उभा राहतो आणि दोन-चार दाणे मिळाल्याशिवाय जागचा हलत नाही.

नानांनी आपल्या नोकरीची बरीच वर्षे एस. टी.च्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती किती वाजता सुटणार, हे सांगण्यात त्यांचे आयुष्य गेले. आज त्यांचे वय ८३ आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर प्रकारचा स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले. त्याआधी थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, ऐकू कमी येणे अशी उपचारांनी सुधारू शकणारी सर्व कारणे आम्ही तपासून घेतली होती. आता जेवण झाले की नाही, हे त्यांना सांगता येत नाही. माझे नाव कधी आठवते, कधी आठवत नाही. साडेपाचची गाडी मात्र सहसा चुकत नाही. ती एकदा बंद पडली होती, आणि बंद पाडणारा मीच होतो. त्या चुकीतून मी जे शिकलो, ते आपल्यापैकी अनेकांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा घरगुती अनुभव आपल्यासमोर ठेवत आहे.

ससा घरी आला तो साडेचार वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या सुमारास. माझ्या मुलीने तो मैत्रिणीकडून आणला आणि अंगावरच्या ठिपक्यांमुळे त्याचे नाव ‘तिळ्या’ ठेवले. माझा विरोध होता. घराच्या खालच्या मजल्यावर माझा दवाखाना; तिथे रुग्ण, वर वृद्ध वडील, त्यात हा जीव कशाला, असे माझे म्हणणे होते. माझे कोणी ऐकले नाही.

येथे एक खुलासा करावासा वाटतो. आपल्याकडच्या माळरानावर दिसणारा ससा आणि हा पाळीव ससा हे एक प्राणी नव्हेत. पाळीव ससा मूळचा युरोपच्या नैर्ऋत्येकडील आयबेरियन द्वीपकल्पातल्या बिळांत राहणाऱ्या सशांचा वंशज. त्याची पिले जन्मतः केसहीन असतात आणि त्यांचे डोळे मिटलेले असतात. रानसशाची पिले मात्र केसाळ आणि डोळे उघडलेलीच जन्मतात. रानससा वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संरक्षित असल्याने तो पकडता किंवा पाळता येत नाही. शेतात सापडलेले रानसशाचे पिलू दयेपोटी घरी आणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पाळीव ससा बोलत नाही, भुंकत नाही, शेपूट हलवून स्वागत करत नाही. त्यामुळे त्याला काही कळत नाही, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात निसर्गात तो इतरांचे भक्ष्य असल्यामुळे त्याचे सारे जगणे कान देऊन ऐकण्यावर उभे आहे. दोन्ही कान तो वेगवेगळ्या दिशांना वळवू शकतो. माणसाला ऐकू न येणारे उंच स्वर त्याला ऐकू येतात. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. फक्त नाकासमोरची थोडी जागा त्याच्या दृष्टीआड राहते. म्हणूनच त्याच्या नाकापुढे एकदम हात नेला की तो दचकतो. बाजूने, बोलत बोलत जवळ गेलो आणि कपाळावर हात ठेवला, तर तो शांत बसून राहतो.

पहिल्या वर्षभरात तिळ्याने आमच्या घराचे वेळापत्रक पाठ केले. पहाट आणि संध्याकाळ या सशाच्या स्वभावतःच हालचालीच्या वेळा. दुपारी तो पडून असतो. सकाळी गॅस पेटवण्याचा आवाज झाला की तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येतो, कारण त्यानंतर कोथिंबिरीच्या काड्या मिळतात. रात्री नऊ वाजता दवाखान्याचे शटर खाली ओढल्याचा आवाज आला की तो आपल्या कोपऱ्यात जातो, कारण मग त्याच्या जागेत वाळलेले गवत टाकले जाते. मुलीने ‘घरी’ म्हटले की तो पिंजऱ्याकडे वळतो. आणि नानांनी थट्टेने सुरू केलेले ‘गाडी लागली’ हे शब्द तर त्याला आपल्या नावाहूनही जवळचे झाले.

नानांचा आजार बळावू लागला, तेव्हा कठीण होत गेली ती संध्याकाळ. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांना दिवस मावळताना अस्वस्थता येते. दिवसभराचा थकवा, अंधुक होत जाणारा प्रकाश, लांबत जाणाऱ्या सावल्या, घरातल्या माणसांची ये-जा, या सर्वांचा त्यात वाटा असतो. नाना पाच वाजल्यापासून दाराशी जाऊन कडी चाचपू लागत. ‘‘ड्यूटीला उशीर होतोय,’’ म्हणत. साडेपाचला तिळ्याचा डबा हाती आला की ते खुर्चीत बसत. ससा खुर्चीपाशी आला की बोलत राहत आणि पाऊण तास निघून जाई. हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते. तरीही त्याचे मोल माझ्या लक्षात आले नव्हते.

दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी नाना उठून उभे राहिले आणि त्याच क्षणी तिळ्या त्यांच्या पायांभोवती फेऱ्या मारू लागला. सशाची ही लाडात येण्याची रीत आहे. नानांचा तोल गेला. उजव्या मनगटाचे हाड मोडले. मी त्याच रात्री निर्णय दिला, ‘‘हा प्राणी उद्यापासून घरात नको.’’ दुसऱ्या दिवशी तिळ्याची रवानगी मुलीच्या मैत्रिणीकडे झाली.

वैद्यकीय दृष्टीने माझा निर्णय चुकीचा होता, असे कोणी म्हणणार नाही. वृद्धांच्या पडण्याची कारणे घरातून दूर करा, हे मी रुग्णांना रोज सांगतो. पुढचे बारा दिवस मात्र आम्ही जे पाहिले, ते माझ्या हिशेबात नव्हते. पाच वाजले की नाना प्लास्टर घातलेल्या हाताने कडी काढू पाहत. साडेपाचला डबा शोधत. डबा मिळाला की तो खुळखुळवत आणि हाक मारत. कोणी येत नसे. मग पुन्हा हाक. ससा इथे नाही, असे सांगितले की गप्प होत आणि पाच मिनिटांनी पुन्हा डबा हाती घेत. सहाव्या की सातव्या दिवशी त्यांनी शुश्रूषेला येणाऱ्या मावशींचा हात झिडकारला, जेवणाचे ताट लोटून दिले. रात्रीची झोप उडाली. झोपेच्या गोळीचा विचार माझ्या मनात येऊन गेला. बाराव्या दिवशी पत्नी म्हणाली, ‘‘गोळी देण्याआधी ससा आणून पाहू या का?’’

तिळ्या परत आला तो बावरलेला. दिवसभर पलंगाखालून निघाला नाही. साडेपाचला नानांनी हाक मारली. नुसते कान हलले. त्याला काही आठवते की नाही, हे जाणून घेण्याची उत्सुकता मला आणि मुलीला स्वस्थ बसू देईना. आम्ही त्याची चाचणीच सुरू केली.

चाचणीचा विचार करताना मला ‘हुशार हान्स’ आठवला. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हा घोडा गणिते सोडवून टापांनी उत्तरे देतो, म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये ओस्कार फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की घोड्याला गणित येत नव्हते; प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या सूक्ष्म हालचाली तो वाचत होता. तिळ्या तरी शब्द ओळखतो की डब्याचा आवाज, की फक्त वेळ? म्हणून आम्ही डबा दूर ठेवला. भलत्या वेळी हाका मारल्या. पडद्याआडून मारल्या. एकदा त्याचे नाव, एकदा दुसराच शब्द. मुलीच्या नेहमीच्या सुरात ‘तिळ्या’ म्हटले की तो पुढे येई; त्याच सुरात भलताच शब्द म्हटला, तरी कधी कधी येई. मी कोरड्या आवाजात त्याचे नाव घेतले तर एक कान वळवी, एवढेच. नानांच्या ‘गाडी लागलीऽ’ या लांबवलेल्या सुराला मात्र तो डबा नसतानाही पलंगाखालून बाहेर येऊ लागला. म्हणजे शब्दाचा अर्थ त्याला कळत होता, असे नव्हे. शब्दाची खूण त्याला ओळखू येत होती. ती खूण कोणाचा आवाज, कोणता सूर, कोणती वेळ आणि त्यानंतर काय मिळते, या सगळ्यांची मिळून बनलेली होती.

चौथ्या दिवशी तिळ्या यायचा थांबला. हाका पुष्कळ आणि हाती काही नाही, असे झाल्यावर त्याने पाठ फिरवली आणि मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटला. सशाचा तो इशारा असतो. मुलगी पुन्हा हाक मारणार, तोच खुर्चीतून नाना म्हणाले,

‘‘सारखं सारखं विचारू नका त्याला. भ्यायलाय तो.’’

वाचकहो, मी तिथेच थांबलो. कारण मी रोज सकाळी चहाच्या वेळी नानांना काय विचारत होतो, ते मला त्या क्षणी ऐकू आले. ‘‘नाना, आज वार कोणता? मी कोण? माझं नाव सांगा बघू. काल कोण आलं होतं?’’ आजार किती पुढे गेला, हे मी तपासत होतो, असे मी स्वतःला सांगत असे. खरे तर मला भीती वाटत होती, आणि ती दूर करण्यासाठी मी त्यांच्याकडून उत्तर मागत होतो. उत्तर आले की माझा दिवस बरा जाई. उत्तर आले नाही की मीच ते सांगत असे, थोडा आवाज चढवून. गेले काही महिने नाना सकाळी माझ्याकडे पाहणे टाळत होते. त्याचे कारण मी आजारात शोधले होते.

स्मरणशक्तीची चाचणी दवाखान्यात, ठरावीक कालावधीने, तज्ज्ञाने घ्यावी. तिचे स्थान तिथे आहे. घरात रोज घेतलेली चाचणी हा रुग्णाचा रोजचा पराभव असतो. हे मी इतरांच्या मुलांना सांगत आलो होतो.

यामागचे शास्त्र थोडक्यात सांगतो, आणि त्यातही ससाच आहे. अमेरिकेतील रिचर्ड थॉम्पसन यांनी सशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. एक विशिष्ट सूर वाजवायचा आणि लगेच डोळ्यावर हवेची हलकी फुंकर सोडायची. काही काळाने ससा फुंकर येण्याआधी, नुसता सूर ऐकूनच पापणी मिटू लागतो. ही शिकवण मेंदूत कोठे साठते, याचा शोध घेताना १९८० च्या दशकात त्यांना उत्तर मिळाले ते अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत. आपली स्मृती ही एकाच कोठीत ठेवलेली वस्तू नाही. काल काय घडले, कोण भेटले, ही आठवण नव्याने साठवण्यासाठी हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो, आणि अल्झायमरमध्ये प्रथम आघात होतो तो सहसा त्याच भागावर. अंगवळणी पडलेल्या कृती, सूर, सवयी यांच्या वाटा वेगळ्या असतात. त्यांतल्या पुष्कळशा अधिक काळ टिकतात. वार सांगू न शकणारी आजी म्हणूनच वाती वळू शकते, आणि मुलाचे नाव विसरलेले नाना गाडी लागल्याची घोषणा करू शकतात. याचा अर्थ सवयी कधीच पुसल्या जात नाहीत, असा नव्हे. परंतु आपण रुग्णाशी बोलताना बहुधा बंद पडत चाललेले दार ठोठावत राहतो आणि उघड्या दाराकडे आपले लक्ष नसते.

त्या दिवसापासून आम्ही काही गोष्टी बदलल्या. सकाळी मी समोरून, त्यांना दिसेल असा जातो आणि म्हणतो, ‘‘नाना, मी तुमचा धाकटा. आज गुरुवार. चहा आणलाय.’’ प्रश्न नाही, माहिती. प्रत्येक कामासाठी एकच ठरलेले वाक्य सर्वांनी वापरायचे, असे ठरवले. अंघोळीला मी ‘अंघोळ’, पत्नी ‘स्नान’ आणि मावशी ‘न्हाणी’ म्हणत होतो. आता तिघेही म्हणतो, ‘‘नाना, पाणी तापलंय.’’ वृद्धांना उंच स्वर कमी ऐकू येतात, म्हणून ओरडण्याऐवजी खालच्या पट्टीत, सावकाश बोलतो आणि उत्तरासाठी थांबतो. साडेचार वाजताच घरातले दिवे लावतो, म्हणजे सावल्या पडत नाहीत. आणि साडेपाचची गाडी वेळेवर सोडतो. अस्वस्थता पूर्ण गेलेली नाही. काही संध्याकाळी नाना आजही कडीपाशी जातात. परंतु झोपेची गोळी मला अद्याप लिहावी लागलेली नाही.

हे वाचून कोणी उद्याच ससा आणायला निघू नये, म्हणून सावधगिरीच्या गोष्टीही सांगतो. ससा हे स्मृतिभ्रंशाचे औषध नव्हे. नीट सांभाळला तर तो आठ-दहा वर्षे, कधी त्याहून अधिक जगतो. त्याची जबाबदारी घेणारी धडधाकट व्यक्ती घरात असेल तरच तो आणावा. आमच्याकडे आता एक नियम कडक आहे : आधी माणूस बसेल, मग ससा सुटेल, ससा आत जाईल, मगच माणूस उठेल. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांची आणि मधुमेहींची त्वचा सशाच्या नखांपासून जपावी, नखे वेळच्या वेळी कापून घ्यावीत, मांडीवर जाड टॉवेल ठेवावा. ओरखडा अथवा चावा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांना दाखवावी. सशापासून माणसाला गजकर्ण होऊ शकते, काहींना त्याच्या केसांनी दम्याचा त्रास वाढतो. हाताळल्यावर हात धुणे सर्वांनाच आवश्यक.

सशाच्या बाजूनेही काही सांगायला हवे. त्याला कानांनी धरून कधीही उचलू नये. त्याचा पाठीचा कणा नाजूक असतो. त्याचा मुख्य आहार म्हणजे गवत. गाजर गोड असल्याने कधीतरी, एखादा तुकडा. चपाती, भात, बिस्किटे देऊ नयेत. नाना प्रेमाने देत असत, म्हणून डबाच त्यांच्या हाती ठेवण्याची पद्धत पडली. बारा तास सशाने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्यकांकडे न्यावे. उष्णता त्याला सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत फरशीचा गार कोपरा आणि भरपूर पाणी हवेच. विजेच्या वायरी त्याच्या दातांपासून दूर ठेवाव्यात, नाहीतर त्याचा आणि घराचाही घात होतो.

ससा नसला, तरी चालेल. कोणाच्या घरी ते काम तुळशीला पाणी घालणे करील, कोणाच्या घरी चिमण्यांना दाणे टाकणे, कोणाच्या घरी ठरल्या वेळी लावलेला रेडिओ. वेळ तीच, शब्द तेच, आवाज मायेचा आणि शेवटी काहीतरी हाती पडणारे, एवढे मात्र जपावे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी दवाखान्यात जायला निघालो होतो. नाना खुर्चीत बसले होते, डबा हातात होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘तिळ्याऽ, गाडी लागलीऽ!’’ ससा अजून पलंगाखालीच होता. वर्षभरापूर्वी मी म्हणालो असतो, ‘‘नाना, मी कोण? नीट बघा बरं.’’ त्या दिवशी मी चपला काढल्या आणि त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलो. त्यांनी डब्यातले दोन दाणे मोजून माझ्या तळहातावर ठेवले. तेवढ्यात तिळ्या आला आणि त्याने ते खाऊन टाकले. नाना हसले.

खाली रुग्ण बसले होते. त्यांना त्या दिवशी दहा मिनिटे थांबावे लागले.